लस गावात आली, म्हणजे दंडात गेली का?

आम्ही चिखलदरा तालुक्यात बचत गटांचं काम पाहतो. कर्जाचा हप्ता, गटाचं दप्तर, बकरीपालन, परसबाग हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र कोरोनाच्या लसीबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कोरोना गेला, तोंडावरची पट्टी गेली, आता तो विषय कशाला? दोन कारणं आहेत. एक, अशी साथ पुन्हा कधी ना कधी येणार, आणि तेव्हा सगळं नव्यानं शिकत बसायला वेळ नसतो. दुसरं, ज्या वाटेनं कोरोनाची लस आपल्या गावात आली, त्याच वाटेनं आपल्या लेकरांची गोवराची, पोलिओची, धनुर्वाताची लस आजही येते. ती वाट कुठं अडते हे आपल्याला कळलं, तर ती मोकळी करायला आपला हात लागू शकतो.

आजचा मुद्दा एका वाक्यात सांगतो. लस तयार होणं, लस गावात पोहोचणं आणि लस माणसाच्या दंडात जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शास्त्रज्ञ आणि कारखाने करतात. दुसरी सरकार करतं. तिसरी मात्र आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीताई आणि आपण मिळून करतो. ही तिसरी झाली नाही, तर पहिल्या दोन वाया जातात.

जगाच्या रांगेत गरीब मागे

आधी थोडं जगाकडे पाहू. 2020 च्या शेवटी पहिल्या लसी तयार झाल्या. श्रीमंत देशांनी त्या तयार होण्याआधीच पैसे भरून ठेवले होते. काहींनी तर आपल्या लोकसंख्येला पुरून उरतील इतक्या लसी राखून ठेवल्या. गरीब देश मागे पडू नयेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि आणखी दोन संस्थांनी मिळून एक व्यवस्था उभी केली. तिचं नाव कोव्हॅक्स. सगळ्या देशांनी एकत्र येऊन लस घ्यायची आणि गरजेप्रमाणे वाटायची, असा विचार. आपल्या गटासारखंच म्हणा ना. एकटीला बँक उभी करत नाही, दहाजणी मिळून गेल्या तर ऐकून घेते.

या कोव्हॅक्सची पहिली लस 24 फेब्रुवारी 2021 ला आफ्रिकेतल्या घाना देशात उतरली. सहा लाख डोस होते आणि ते बनले होते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे जगातले कितीतरी गरीब देश पुण्याकडे डोळे लावून बसले होते. पण पुढच्याच महिन्यात आपल्याकडे दुसरी लाट उसळली. आपल्याच माणसांना लस पुरेना, म्हणून भारतानं बाहेर पाठवणं थांबवलं. कोव्हॅक्सला लस पाठवणं पुन्हा सुरू झालं नोव्हेंबरात. एकाच कारखान्यावर सगळ्यांचा भार असल्यामुळं इथं थांबलं की तिथलं अडलं. 2021 संपत आलं तेव्हा सर्वांत गरीब देशांत शंभरातल्या दहा जणांनासुद्धा एक डोस मिळाला नव्हता. श्रीमंत देश तोवर तिसरा डोस देत होते.

आणखी एक गोष्ट ऐका. आफ्रिकेतच मलावी नावाचा छोटा, गरीब देश आहे. तिथं 26 मार्च 2021 ला सुमारे एक लाख डोस पोहोचले. त्यांची मुदत संपत होती 13 एप्रिलला, म्हणजे हातात अठरा दिवस. तेवढ्यात गावोगाव पोहोचायचं, लोकांना समजवायचं, टोचायचं. बरेच डोस लागले, पण 19,610 डोस उरले आणि मे महिन्यात ते जाळावे लागले. देश लसीसाठी तरसत होता आणि आलेली लस जाळावी लागली. यात कुणा एकाचा दोष काढता येत नाही. लस आली, पण तिच्यासोबत वेळ आला नाही, तयारी आली नाही. हे मलावीचं झालं. आता आपल्या मेळघाटात येऊ.

आपल्याकडचा क्रम

आपल्या देशात 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं. आधी दवाखान्यात काम करणारे, मग पोलीस, सफाई कामगार असे पुढे राहून काम करणारे. 1 मार्चपासून साठीच्या वरचे, आणि पंचेचाळीसच्या वरचे पण मोठा आजार असलेले. 1 एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरचे सगळे. 1 मे पासून अठराच्या वरचे सगळे. पण मे महिन्यात लसच पुरेना, म्हणून महाराष्ट्रात 18 ते 44 वयाच्या लोकांचं लसीकरण थांबवून आधी मोठ्या वयाच्या लोकांचे दुसरे डोस पूर्ण करायचं ठरलं. जूनच्या 21 तारखेपासून अठराच्या वरच्या सगळ्यांसाठी केंद्र सरकारनं लस पुरवायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 2021 ला देशात शंभर कोटी डोस झाले.

आपल्या अमरावती जिल्ह्यात साथ लवकर भडकली होती हे तुम्हाला आठवत असेल. राज्यात दुसरी लाट आली असं सगळे म्हणायच्या आधीच, 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. परतवाड्याचा बाजार बंद म्हणजे आपल्या डोंगराचा बाजार बंद. त्यामुळं आजाराची भीती आपल्याकडे होती. तरी लसीच्या पहिल्या महिन्यांत मेळघाटातल्या कितीतरी गावांत माणसं केंद्रावर फिरकली नाहीत. याचं कारण "आदिवासी अडाणी आहेत" असं म्हणून मोकळं होणारे खूप भेटले. तसं नव्हतं. कारणं वेगवेगळी होती. एकेक पाहू.

पुण्याहून ढाण्यापर्यंत थंडी सांभाळायची

आपल्याला मिळालेल्या मुख्य लसी दोन. पुण्याची कोव्हिशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन. दोन्ही 2 ते 8 अंश थंडीत ठेवाव्या लागतात. परदेशातल्या एका लसीला शून्याच्या खाली 70 अंश लागायचे. तसं यंत्र आपल्याकडे कुठून आणणार? 2 ते 8 अंश मात्र जमण्यासारखं होतं, कारण लेकरांच्या लसींसाठी तशी व्यवस्था आपल्याकडे आधीपासून होती. पुण्याहून अकोल्याच्या विभागीय भांडारात, तिथून अमरावतीला, अमरावतीहून तालुक्याला आणि मग सेमाडोह, सलोना, काटकुंभ, हतरू, टेंब्रुसोंडा अशा प्राथमिक आरोग्य केंद्रांत. केंद्रात लसीचा खास फ्रिज असतो. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तो आतली थंडी धरून ठेवतो. तिथून पुढं गावापर्यंत निळ्या किंवा पांढऱ्या डब्यात, चारही बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या लावून लस नेतात.

इथं एक गैरसमज काढून टाकू. लस जितकी थंड तितकी चांगली, असं नाही. या लसी गोठल्या तरीही खराब होतात. म्हणून सिस्टर बर्फाच्या बाटल्या फ्रीजरमधून काढल्या की लगेच डब्यात घालत नाहीत, थोडा वेळ बाहेर ठेवतात. आतलं पाणी हलवलं की खळखळलं पाहिजे, मगच डब्यात. पुढच्या वेळी सिस्टर उशीर करतात असं वाटलं, तर हे आठवा.

आता आपला रस्ता डोळ्यांपुढं आणा. घाट, वळणं, पावसाळ्यात धुकं. सिपना, खापरा, गडगा यांना पूर आला की पलीकडची वस्ती तुटते. डब्यातला बर्फ तर घड्याळ लावून बसलेला. त्यामुळं दूरच्या वस्तीवर जायचं तर दिवस, गाडी, माणसं हे सगळं आधी जुळावं लागतं.

दहाचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे गणित समजलं, तर अर्धी भांडणं मिटतात.

कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची. उरलेली फेकायची. आता समजा, आपल्या वस्तीवर सातजण तयार झाले. सिस्टरनं कुपी उघडली तर तीन डोस वाया. वाया गेलेल्या प्रत्येक डोसाचा हिशोब वर द्यावा लागतो. लस कमी असताना तर वरून सारखी ताकीद, वाया घालवू नका. मग सिस्टर म्हणतात, "थांबा, आणखी तिघं येऊ द्या." वाट पाहता पाहता सातातल्या दोघी कंटाळून वावरात निघून जातात. आता उरल्या पाच. कुपी उघडतच नाही. दुसऱ्या दिवशी गावात बोलवा उठतो, "लस द्यायले आल्या आन तशाच गेल्या." पुढच्या खेपेला सातही येत नाहीत.

शहरात हा प्रश्न नसतो. तिथं रांगेत शंभर माणसं असतात. वीस घरांच्या वस्तीत मात्र दहा हा आकडा डोंगराएवढा होतो. ज्या कुपीमुळं लस स्वस्त पडते, वाहून न्यायला सोपी जाते, तीच कुपी लहान वस्तीला महाग पडते. जगभरातल्या डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांत हीच अडचण आली.

यावर जिथं गट कामाला लागले तिथं तोडगा निघाला. आदल्या दिवशी आशाताईंसोबत दोघीतिघींनी घरोघर जाऊन बारा-तेरा नावांची यादी करायची. दहा नाही, बारा-तेरा. कारण सकाळी कुणाला ताप निघतो, कुणाची गाय हरवते. शेजारच्या दोन वस्त्यांना एका झाडाखाली एकाच वेळी बोलवायचं. आणि एकदा कुपी उघडली की कमी पडलेली दोन माणसं शोधून आणायला एक पोरगं सायकलवर तयार ठेवायचं. यात पैसा लागत नाही. घरोघर कोण काय करतं याची माहिती लागते, आणि ती गावातल्या बाईएवढी कुणाकडे नसते.

मोबाइल कुणाचा, नाव कुणाचं

दुसरी अडचण नोंदणीची. लसीसाठी कोविन नावाच्या व्यवस्थेत नाव टाकावं लागायचं. 1 मे 2021 ला अठराच्या वरच्यांना लस खुली झाली तेव्हा आधी मोबाइलवर वेळ घेणं सक्तीचं होतं. ज्या गावात रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं, तिथली माणसं वेळ कशी घेणार? तेव्हा राज्यात ठिकठिकाणी असं झालं की शहरातल्या चपळ बोटांच्या पोरांनी खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा धरल्या आणि गाड्या काढून तिथं आले. गावातली माणसं बाजूला उभी. गर्दी, बोलाचाली झाल्या. शेवटी 24 मे ला सरकारी केंद्रांवर जागेवरच नाव नोंदवायची सोय झाली. ओळखपत्र नसलेल्यांसाठीही वेगळी पद्धत आली.

बायकांसाठी यात आणखी एक गाठ होती. एका मोबाइल नंबरवर चार नावं घालता यायची. पण तो नंबर बहुतेक घरी नवऱ्याचा किंवा पोराचा. तो कामाला परतवाड्याला गेला की ओटीपी त्याच्या खिशात आणि बाई केंद्रावर. दुसऱ्या डोसाचा निरोपही त्याच्याच मोबाइलवर. 2021 च्या उन्हाळ्यात देशभरातले आकडे पाहिले, तर लस घेतलेल्या पुरुषांपेक्षा बायका कमी होत्या. पुढं तो फरक भरून निघाला. कारण लस घराजवळ आली, आणि नोंदणी करून द्यायला माणूस आला.

याचा अर्थ असा नाही की संगणकावर नोंद नको. नोंद हवीच. नाहीतर कुणाला कुठला डोस कधी दिला हे कसं कळणार? पण नोंद ही लसीच्या मागे चालली पाहिजे. ती दारात आडवी उभी राहिली, की ज्याला गरज जास्त तोच बाहेर राहतो.

"आधी तुम्ही घ्या, मंग आमाले सांगा"

आता भीतीबद्दल बोलू. गावागावांत आम्ही हे ऐकलं. "लस घेतली का माणूस दोन वर्षांत मरते." "पोरं होत नाईत." "आमच्यावर पायून रायले, मंग शहरात देतीन." "पाळीच्या दिवसात घेतली तं बाई मरते." पाळीचा तो निरोप तर एप्रिल 2021 मध्ये मोबाइलवर देशभर फिरला. तो खोटा आहे असं सरकारला जाहीर करावं लागलं.

या भीतीला हसू नका मैत्रिणींनो. तिच्यामागं इतिहास आहे. 1975 ते 77 च्या आणीबाणीत जबरदस्तीनं नसबंदी झाली, ते घाव देशभर घराघरांत आठवणीत आहेत. "सुईनं पोरं होत नाईत" ही अफवा त्यातून उगवते. व्याघ्र प्रकल्पासाठी मेळघाटातली काही गावं उठवून अकोट, तेल्हाऱ्याकडे वसवली. ज्याला एकदा घर सोडावं लागलं, तो सरकारी गाडी आली की आधी घाबरतो, मग विचार करतो. त्यात लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखतं. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी. "काहीच होत नाही, घ्या" असं सांगून लस दिली आणि रात्री ताप चढला, तर सकाळी अख्खी वस्ती म्हणते, आपल्याला फसवलं.

म्हणून खरं ते आधीच सांगावं. लसीनंतर ताप येऊ शकतो. तो शरीर आजाराशी लढायला शिकतंय याची खूण आहे. एक-दोन दिवसांत उतरतो. अर्धा तास केंद्रावर बसवतात ते कुणाला त्रास झाला तर लगेच उपचार करता यावा म्हणून. रक्ताच्या गाठीचा त्रास काहींना झाला हे खरं आहे. पण 2021 च्या मे महिन्यात सरकारी समितीनं तपासलं, तेव्हा कोव्हिशील्डच्या दहा लाख डोसांमागे अशी एक केससुद्धा भरत नव्हती. लस घेतली म्हणजे कोरोना होणारच नाही, असंही नाही. पण झाला तरी जीवावर बेतण्याचा धोका खूप कमी होतो. एवढं सगळं सांगितलं की ऐकणारा विश्वास ठेवतो. कारण वाईट आणि चांगलं दोन्ही सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, हे प्रत्येकाला कळतं.

गरोदर बायांचाही गोंधळ होता. सुरुवातीला गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना लस द्यायची नाही असं ठरलं होतं. मे 2021 मध्ये पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली, जुलैमध्ये गरोदर बायांना. नियम बदलला, कारण अभ्यास पुढं गेला. पण गावात पहिलं "नाही" पोहोचलं आणि दुसरं "हो" पोहोचायला उशीर झाला. पहिली गोष्ट कानात घट्ट बसते. म्हणून नियम बदलला की तो का बदलला हेही सांगावं लागतं.

मेळघाटात भीती कमी झाली ती कशानं? आपली कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती वेगळ्याच कुळातली आहे. घरातल्या बुढीला मराठीतली पाटी वाचून दाखवली तरी काय समजणार? कोरकूत बोलणं सुरू झालं, कोरकूत आवाज नोंदवून गावात ऐकवले गेले, तेव्हा प्रश्न यायला लागले. आणि प्रश्न विचारणारा माणूस अर्धा तयार झालेला असतो. दुसरं, ज्याच्यावर गाव विश्वास ठेवतं त्यानं आधी लस घेतली. कुठं सरपंच, कुठं गावचा पटेल, कुठं भुमका, कुठं आपल्या गटाची अध्यक्षा. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे गेली कित्येक वर्षं राहून रुग्णसेवा करतात. अशा माणसानं सांगितलेलं आणि एका दिवसासाठी गाडीतून उतरलेल्या माणसानं सांगितलेलं यात फरक पडणारच. विश्वास साथीच्या काळात तयार करता येत नाही. तो आधी कमावून ठेवलेला असावा लागतो, आपल्या गटाच्या बचतीसारखा. अडचणीच्या दिवशी तोच कामी येतो.

मोह, तेंदू आणि चौऱ्याऐंशी दिवस

आता आपल्या कॅलेंडरकडे पाहू. 1 एप्रिलला पंचेचाळीसच्या वरच्यांना लस खुली झाली. एप्रिलमध्ये मेळघाटातली बाई कुठं असते? पहाटे मोहफुलं वेचायला रानात. मेमध्ये तेंदूपत्ता. जूनमध्ये पेरणी. आणि लसीचं केंद्र उघडायचं सकाळी दहाला, बंद व्हायचं संध्याकाळी पाचला. माणसं "येत नाहीत" असं कागदावर लिहिलं गेलं. खरं तर ती पोटाच्या मागे गेलेली होती.

दुसऱ्या डोसाचं गणित तर आणखी अवघड. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत आधी चार ते सहा आठवड्यांचं अंतर होतं. मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं, मे महिन्यात बारा ते सोळा. बारा आठवडे म्हणजे 84 दिवस. आता हिशोब करू. ज्या बाईनं 15 जुलैला पहिला डोस घेतला, तिचा दुसरा 7 ऑक्टोबरला येतो. ती गावात आहे, सोयाबीन काढते आहे, एक दिवस काढू शकते. ज्या बाईनं 20 सप्टेंबरला पहिला घेतला, तिचा दुसरा येतो 13 डिसेंबरला. त्या वर्षी दिवाळी होती 4 नोव्हेंबरला. दिवाळी झाली की आपली माणसं बिऱ्हाड घेऊन खाली उतरतात. कुणी अमरावतीला, कुणी अकोल्याला, कुणी विटभट्टीवर, कुणी मध्य प्रदेशात. ती परत येतात होळीला. म्हणजे 13 डिसेंबरचा डोस पडला मार्चवर.

लस कुठेही घेता येत होती, हे खरं. पण विटभट्टीवरच्या बाईला तिथलं केंद्र कुठं, आपला पहिला डोस कोणता, कधीचा, हे सांगणारा कागद हवा. म्हणून जिथं गटांनी स्थलांतराला निघणाऱ्या बायांच्या हातात एक चिठ्ठी दिली, तिथं सोपं गेलं. लसीचं नाव, पहिली तारीख, दुसरी तारीख, नोंदणीचा मोबाइल नंबर. एवढंच, आधार कार्डाला टाचून.

सरकारही हळूहळू दारापर्यंत आलं. ऑक्टोबर 2021 मध्ये राज्यात "मिशन कवच कुंडल" झालं, नोव्हेंबरात देशभर "हर घर दस्तक". केंद्र उघडून माणसांची वाट पाहण्याऐवजी लस घेऊन माणसांकडे जायचं ठरलं. रोजगार हमीच्या कामावर, आठवडी बाजारात, संध्याकाळी चुलीपाशी. हे सुरुवातीपासून झालं असतं तर? तर दुसऱ्या लाटेत गेलेली काही माणसं आज आपल्यात असती. हे बोलताना जीव जड होतो, पण बोललं पाहिजे. कारण पुढच्या वेळी हे आठवण करून देणारं कुणीतरी लागेल.

आज गटानं काय करावं

साथ नसली तरी दर महिन्याला गावात लसीकरणाचा दिवस असतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाळ नऊ महिने पूर्ण झालं की आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. गोवराची लसही एकदा पाण्यात कालवली की चार तासांतच वापरावी लागते. म्हणजे वाट तीच, अडचणीही त्याच. तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा.

एक, दोन वर्षांखालची लेकरं आणि गरोदर बाया यांची वस्तीवार यादी करा. आशाताईंच्या यादीशी जुळवा. एखादं लेकरू दोन्हींत नसेल तर ते बहुतेक स्थलांतरित घरातलं असतं.

दोन, लसीकरणाचा दिवस आणि वेळ आपल्या कामाच्या हंगामाला जुळते का ते पाहा. नसेल तर ग्रामसंघाचा ठराव करून आरोग्य केंद्राला द्या. मोहाच्या दिवसांत दुपारी, कापणीच्या दिवसांत बाजाराच्या दिवशी. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, ठरावाची पोच घ्या.

तीन, दिवाळीनंतर निघणाऱ्या आयांच्या हातात लेकराचं लसीकरण कार्ड आहे का ते तपासा. पुढची तारीख तोंडपाठ करून घ्या.

चार, लसीनंतर ताप येतो हे आधी सांगा. ताप तीन दिवसांवर गेला, लेकरू दूध पीत नसेल किंवा सुस्त पडलं, तर भुमकाकडे जायचं असेल तरी आधी दवाखान्यात या. 108 ला फोन करा. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर 104 ला.

पाच, मोबाइलवर आलेला निरोप पुढं पाठवायच्या आधी सिस्टरला किंवा आशाताईला दाखवा.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करत राहायची. कोरोनात घरोघर फिरल्या त्या आशाताई, अंगणवाडीताई, गटाच्या बाया. त्यांच्या पायांवर ही मोहीम उभी राहिली. त्यांना वेळेवर मोबदला मिळावा, डोंगरात जायला गाडी मिळावी, आणि आखणी करताना त्यांनाही विचारलं जावं. गावात लस देण्याची वेळ कोणती, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत यादीची वही काढा. तुमच्या वस्तीत दहाचं गणित कसं जुळलं, कुठं अडलं, ते लिहून आमच्याकडे पाठवा. निवडक पत्रं आपण याच कार्यक्रमात वाचू. लेकरांची काळजी घ्या, आपलीही घ्या.